खलनायक कुणाच्या घरी वाढतो?

तेंदूपत्त्याचा हंगाम हा आमच्या चिचगडकडच्या माणसाचा उन्हाळ्यातला आधार. धानाचा पैसा होळीपर्यंत कसाबसा पुरतो. पुढे रोवणीपर्यंत हात कोरडा. म्हणून मोह वेचून झाला की मे महिन्यात घरची सारी मंडळी पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात, ऊन चढायच्या आत पानांची ओझी घेऊन परततात आणि दुपारभर छपरीत बसून पुडे बांधतात. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी ते फळीवर नेऊन मोजून द्यायचे. शाळेला सुट्टी असते, त्यामुळे पोरेही पाने जुळवायला बसतात.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या छपरीत अशीच तीन पोरे बसलेली असत. माझा तेरा वर्षांचा मुलगा, बारा वर्षांचा भाचा आणि धाकटी मुलगी. भाचा चार वर्षांपासून आमच्याकडे आहे. बहीण गेली, दाजींना कामासाठी बाहेरगावी राहावे लागते, म्हणून पोराला आम्ही घरी आणले. पोर गुणी. हात चपळ, अभ्यासात पुढे, उलट बोलणे नाही. मी जाता-येता मुलाला म्हणत असे, "बघ, त्याचे साठ पुडे झाले. तुझे तीस तरी झाले का?" यात माझा हेतू वाईट नव्हता. पोराला चुरस वाटावी आणि त्याने हात चालवावा, एवढेच मनात होते.

एका संध्याकाळी फळीवर मुन्शीने भाच्याचे पुडे उचलून पाहिले आणि बाजूला टाकले. वरखाली चांगली पाने, आत फाटकी. आणि मोजली तर सत्तराच्या जागी पन्नास-पंचावन्न. चाळीस पुडे बाद झाले. चारचौघांत भाच्याला लबाड ठरवले गेले. पोराचे तोंड एवढेसे झाले. माझा मुलगा शेजारीच उभा होता, तो काही बोलला नाही. रात्री धाकटीने सांगून टाकले. दुपारी आम्ही सारे जेवायला बसलो असताना दादाने ते पुडे सोडून पुन्हा बांधले होते.

मी काय केले? बहुतेक बाप करतात तेच. मुस्काटात दिली, आणि माझ्या आईसमोर, सौ.समोर, भाच्यासमोर ओरडलो, "आमच्या घरात हा रावण कुठून जन्माला आला?"

कुठून, हा प्रश्न मी रागाच्या भरात विचारला होता. त्याचे उत्तर दोन दिवसांनी मला लहान मुलांच्या एका सिनेमाने दिले. मायबाप वाचकहो, ते उत्तर तुमच्याही कामी येईल असे वाटते, म्हणून घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडतो आहे.

सिंहांच्या घरातली गोष्ट

सिनेमा पाहायला आता टॉकीजलाच जावे लागते असे राहिलेले नाही. नागपूरहून सुट्टीला आलेल्या माझ्या मावसभावाने आपला मोबाईल आमच्या टीव्हीला जोडला आणि घरादाराला समोर बसवले. सिनेमाचे नाव 'मुफासा : द लायन किंग'. दिग्दर्शक बॅरी जेंकिन्स. हा सिनेमा २० डिसेंबर २०२४ रोजी आपल्या देशात प्रदर्शित झाला. आम्ही तो हिंदीत पाहिला. हिंदीत मोठ्या मुफासाला शाहरुख खानचा आवाज आहे, लहानपणच्या मुफासाला त्याच्या धाकट्या मुलाचा. आपले मराठी नट मकरंद देशपांडे आणि श्रेयस तळपदे यांचेही आवाज त्यात आहेत. सिंह मात्र खरे नाहीत. सारे संगणकावर बनवलेले. पण आयाळीचा केस न् केस हलताना दिसतो.

या सिनेमाच्या मागे एक जुनी गोष्ट आहे. १९९४ साली 'द लायन किंग' नावाचे चित्रपट-कार्टून आले, २०१९ मध्ये ते नव्या तंत्राने पुन्हा काढले. त्यात मुफासा हा जंगलाचा न्यायी राजा आणि स्कार हा त्याचा कपटी भाऊ. स्कार राज्यासाठी मुफासाचा जीव घेतो. डोळ्यावर जखमेचा व्रण, आवाजात विष. पाहताक्षणी पोरे ओळखतात की हा दुष्ट. नवा सिनेमा त्याच्या आधीचे सांगतो. हा स्कार लहान असताना कसा होता, आणि तो तसा का झाला?

गोष्ट थोडक्यात अशी. मुफासा हा साध्या घरचा छावा. पुरात आईबापांपासून ताटातूट होते आणि तो वाहत दूरच्या मुलखात जातो. तिथल्या राजाचा छावा टाका त्याला पाण्यातून बाहेर काढायला धावतो. हा टाका म्हणजेच पुढचा स्कार. टाकाला भावाची फार हौस. पण त्याचा बाप ओबासी राजा म्हणतो, परके पोर आपल्यात नको. शेवटी दोघांची शर्यत लावतात. मुफासा जिंकला तर राहील, हरला तर त्याची धडगत नाही. शर्यतीत टाका पुढे असतो. पण भाऊ मिळावा म्हणून तो जाणूनबुजून मागे राहतो आणि मुफासाला जिंकू देतो.

वाचकहो, हा प्रसंग लक्षात ठेवा. मी तो पाहिला आणि विसरून गेलो. माझा मुलगा विसरला नाही.

पुढे राजा मुफासाला ठेवून घेतो, पण नरांत नाही, सिंहिणींत. टाकाची आई एशे त्याला शिकारीचा वास घ्यायला, वाऱ्याचा रोख ओळखायला, पावलांचा माग काढायला शिकवते. सिंहांच्या कळपात शिकारीचे बरेचसे काम माद्याच करतात हे खरेच आहे. अशा रीतीने परके पोर मेहनतीत तयार होते. आणि घरचे पोर? टाकाला बाप आपल्याजवळ सावलीत बसवतो. तू राजाचा रक्ताचा, तुला राज्य मिळणारच, असे सांगतो. वर शिकवण देतो की फसवणूक हे राजाचे हत्यार आहे.

मग एके दिवशी परक्या टोळीचे पांढरे सिंह टाकाच्या आईवर चालून येतात. टाका घाबरून पळतो, मुफासा लढतो आणि तिला वाचवतो. त्या दिवसापासून मापे उलटी होतात. ज्याला बाप परका म्हणत होता त्याची वाहवा आणि आपल्या पोराच्या कपाळी भित्रेपणाचा शिक्का. पुढे टोळीचा हल्ला होतो. राजा दोघांना पळून जायला सांगतो, आणि टाकाला सांभाळायची जबाबदारीही मुफासावरच टाकतो. दोघे दूरच्या देशी निघतात. वाटेत साराबी नावाची सिंहीण भेटते. टाकाचे मन तिच्यावर बसते, तिचे मुफासावर. तेव्हा टाका शत्रूला जाऊन मिळतो. शेवटच्या झुंजीत मात्र शत्रू मुफासाचा जीव घेणार तोच टाका मध्ये पडतो आणि डोळ्यावर घाव झेलतो. तोच तो व्रण. मुफासा राजा होतो. टाकाला हाकलून देत नाही. पण म्हणतो, तुझे नाव मी पुन्हा तोंडाने घेणार नाही. तेव्हा टाका म्हणतो, मग मला स्कार म्हणा. स्कार म्हणजे व्रण.

आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत टाका या शब्दाचा एक अर्थ केरकचरा असा होतो, आणि इच्छा करणे असाही होतो. आपल्या मराठीत टाका म्हणजे शिवणीचा टाका. एका नावात तिन्ही गोष्टी आल्या. ज्याला भाऊ हवा होता, जो दोघांना जोडणारा टाका होऊ शकला असता, तो शेवटी केर ठरला.

पोराने विचारलेला प्रश्न

सिनेमा संपला. आई म्हणाली, "शेवटी बेइमान निघालाच मेला." सौ.ने पोरांची अंथरुणे घातली. भाचा झोपला. माझा मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. तो दारात उभा राहून पाठमोराच म्हणाला, "बाबा, टाका शर्यत मुद्दाम हरला होता. ते मंग कोनाच्याच ध्यानात कसं नाई रायलं?"

मी म्हटले, "झोप आता."

पण मला झोप आली नाही. बाहेर बाजेवर पडलो आणि चार वर्षांपूर्वीचा तान्हा पोळा डोळ्यांपुढे आला. भाचा नुकताच आमच्याकडे आला होता. आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरे लाकडी नंदी सजवून मिरवतात, घरोघर त्यांना बोजारा मिळतो. भाच्याकडे नंदी नव्हता. आई गेलेले पोर, कोपऱ्यात बसले होते. माझ्या मुलाने आपला नंदी, ज्याची शिंगे त्याने स्वतः रंगवली होती, उचलून भाच्याच्या हाती दिला आणि आपण रिकाम्या हातांनी त्याच्यामागे गावभर फिरला. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्या दिवशी मी त्याला काय म्हणालो होतो, हे आठवायचा फार प्रयत्न केला. काहीच म्हणालो नव्हतो. भाच्याचा आनंद पाहून आमचे डोळे भरून आले, आणि ज्याने नंदी दिला त्याच्याकडे कुणी पाहिलेच नाही.

नंतरच्या चार वर्षांचा हिशेब त्या रात्री मी मनाशी केला. भाच्याला मार्क जास्त, तर मुलाला टोमणा. भाचा पहाटे उठतो, तर मुलाला टोमणा. आमचा भाग छत्तीसगडच्या शिवेवरचा, इकडे भाच्याला मान मोठा. पलीकडे छत्तीसगडात तर मामा भाच्याच्या पाया पडतो. रामाचे आजोळ तिकडचे, म्हणून प्रत्येक भाचा रामासारखा, असे तिथले लोक मानतात. मान द्यावा, त्यात चूक नाही. पण एकाला राम म्हणताना दुसऱ्याच्या वाट्याला कोणती भूमिका येते, याचा विचार मी केला नव्हता. पुडे पोराने सोडले हे खरे. पण "त्याचे साठ, तुझे तीस" ही गाठ चार वर्षे रोज मीच मारत आलो होतो.

हस्तिनापूर काही लांब नाही

हे केवळ सिनेमातले आणि माझ्या घरचे आहे असे समजू नका. आपल्या महाभारताची सुरुवात पाहा. पांडुराजा वनात वारला आणि कुंती पाच पोरांना घेऊन हस्तिनापुरात आली. म्हणजे बाप गेलेले चुलतभाऊ दुर्योधनाच्या घरी राहायला आले. भीम दांडगा, खेळात कौरवांचे केस ओढी, त्यांना पाण्यात बुडवी, झाडावर चढलेल्यांना झाड हलवून खाली पाडी. अर्जुन गुरूंचा लाडका. दुर्योधन हा घरचा थोरला मुलगा. पण त्याच्या जन्माच्या वेळी अपशकुन झाले, हे पोर कुळाचा घात करील, असे जाणत्यांनी तेव्हाच सांगितले होते. अशा पोराला एका बाजूला आंधळी माया करणारा बाप मिळाला आणि दुसऱ्या बाजूला चुलतभावांचे रोजचे कौतुक. वाढता वाढता त्याने भीमाला जेवणातून विष घातले आणि गंगेत लोटले. हे पोरवयातले कृत्य. पुढचे कुरुक्षेत्र सर्वांना ठाऊक आहे.

धृतराष्ट्राने दुर्योधनाला मारले नाही, रागावले नाही. उलट सारे हट्ट पुरवले. ओबासी राजानेही टाकाला लाडात वाढवले. मी मात्र माझ्या मुलाला टोमण्यांत वाढवले. वाटा वेगळ्या दिसतात, पण तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट राहून गेली. पोराला त्याच्या स्वतःच्या कामाने, स्वतःच्या चांगुलपणाने ओळखायला घरात कुणाला सवड नव्हती. लाड हेही न पाहणेच असते आणि टोमणा हेही न पाहणेच.

दुष्टाची किंवा हरलेल्याची बाजू सांगणारी गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली आणि कर्ण घरोघर पोचला. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळा गावी दशमुखी रावणाची काळ्या दगडाची मूर्ती आहे आणि गावकरी तिची पूजा करतात. आमच्या झाडीपट्टीतली अनेक गोंड कुटुंबे रावणाला आपला पूर्वज मानतात. आमचे शेजारी गोंड समाजाचे. त्या रात्रीचे माझे ओरडणे त्यांनी भिंतीपलीकडून ऐकले होते. दुसऱ्या दिवशी बांधावर भेटले तेव्हा म्हणाले, "पोराले रागे भरा, पन आमच्या रावणाचं नाव शिवीसारखं नोका घेऊ." मला लाज वाटली. एका शिवीत मी दोन घरे दुखावली होती.

कारण समजले म्हणजे माफी झाली का?

इथे काही वाचक म्हणतील, हे नवेच खूळ. उद्या चोर म्हणेल, माझ्या बापाने मला टोमणे मारले म्हणून मी चोरी केली. मग सोडून द्यायचे का?

नाही. आणि या बाबतीत सिनेमाही पुरता बरोबर आहे असे मला वाटत नाही. टाकाचे घरातले दुःख दाखवायला त्याने सुरुवातीला चांगला वेळ दिला आहे. पण बेइमानीची वेळ आली की सारे ओझे एका सिंहिणीवरच्या प्रेमावर टाकून तो मोकळा होतो. पोरांच्या मनात उगाच राहून जाते की मुलीने नकार दिला म्हणून माणूस शत्रूला मिळाला. वयात येऊ घातलेल्या मुलांना हे तसेच सोडून देऊ नये. मी माझ्या मुलाला सांगितले की साराबीने कुणाला निवडायचे हे तिच्या हाती होते. त्याचा राग येऊ शकतो, पण शत्रूकडे जाणे हे टाकाचे स्वतःचे पाऊल होते. ते त्याच्या बापाच्या माथी मारता येत नाही.

हल्ल्याचे काही प्रसंगही लहान मुलांना भिववणारे आहेत. पुराच्या वेळी आमची धाकटी आजीच्या कुशीत शिरली होती. सहा-सात वर्षांखालच्या पोरांना एकटे बसवून हा सिनेमा लावून देऊ नये. सारा सुमारे दोन तासांचा आहे, त्यामुळे मध्ये थांबवून पाहिला तरी चालतो.

पण मला सर्वांत जास्त खटकली ती शेवटची गोष्ट. मुफासा भावाला घरात ठेवतो, पण त्याचे नाव घेणे बंद करतो. मोठा न्यायी राजा असूनही इथे तो चुकतो, असे मला वाटते. ज्याचे नाव घरात कुणी घेत नाही, ज्याला त्याच्या जखमेच्याच नावाने हाक मारतात, तो त्या नावासारखाच होत जातो. १९९४ च्या सिनेमात तो मुफासाचा जीव घेतो, त्याची पेरणी या शेवटात झालेली दिसते. आपल्याकडेही हे कमी नाही. एकदा पोराने दहा रुपये उचलले की तो जन्मभर 'हातचलाख्या'. एकदा नापास झाला की 'ढब्बू'. गुन्हा एका दिवसाचा आणि नाव साऱ्या आयुष्याचे.

माझ्या पोराला शिक्षा झालीच. ती अशी. पुढचे तीन दिवस त्याने स्वतः चाळीस जादा पुडे बांधले आणि ते भाच्याच्या नावावर दिले. फळीवर जाऊन मुन्शीसमोर, ज्या लोकांपुढे भाच्याला लबाड म्हटले गेले होते त्यांच्यापुढे, सांगितले की ते काम माझे होते. हे सांगताना त्याचे पाय कापत होते. मी शेजारी उभा होतो. त्याचे झाल्यावर मीही तिथेच म्हणालो की चूक पोराची आहे, पण त्याला त्या वाटेला लावण्यात माझ्या बोलण्याचाही हात आहे. लोक हसले. हसू द्या. मुस्काटात देणे सोपे होते. हे अवघड गेले. पण मारल्यावर तो खाली पाहत होता, आणि हे झाल्यावर घरी येताना भाच्याच्या बरोबरीने चालत होता.

कचारगडची पोरे

आमच्याच जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. दरवर्षी माघ पौर्णिमेला देशातल्या अनेक राज्यांतून गोंड समाजाचे लोक तिथल्या गुहेच्या दर्शनाला येतात. त्या गुहेची जी कथा सांगतात ती मी लहानपणापासून ऐकत आलो. सांगण्यात ठिकठिकाणी थोडाफार फरक आहे, पण मूळ असे. माता कली कंकालीची तेहतीस पोरे फार वांड होती. त्यांच्या दांडगाईला कंटाळून शंभूशेकाने त्यांना गुहेत कोंडले आणि तोंडावर शिळा बसवली. आई रडून रडून व्याकूळ झाली. तेव्हा पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड पुढे आले. हिरासुका पाटालीर या वादकाच्या वाद्याने पोरांच्या अंगात बळ आले, शिळा हलली, पोरे बाहेर आली. मात्र हिरासुका त्या शिळेखाली सापडून गेला. पुढे लिंगोने त्या पोरांना आपल्याजवळ घेतले, शिकवले, जगण्याची रीत लावून दिली. त्यांच्यापासूनच गोंडांच्या सगा-गोत्रांची मांडणी झाली, अशी श्रद्धा आहे.

इतकी वर्षे मी ही कथा एक यात्रेची कथा म्हणून ऐकली. सिनेमानंतर शेजारच्या काकांनी ती पुन्हा सांगितली तेव्हा तिच्यातला बापाचा धडा दिसला. वांड पोरे होती, हे कथा लपवत नाही. त्यांना कोंडले, हेही लपवत नाही. पण कोंडलेल्या पोरांचे पुढे काय करायचे, ते ती सांगते. कुणीतरी शिळा हलवायला पुढे यावे लागते, त्यासाठी कुणाला तरी किंमत मोजावी लागते, आणि बाहेर काढल्यावर शिकवावे लागते. कोंडलेल्या पोरांतूनच मोठा समाज उभा राहिला. हेच पोरगे कुणी लिंगो न भेटता गुहेत राहिले असते, तर आपण त्यांना काय म्हटले असते?

घरोघरच्या आईबापांना

मी काही शिकलेला मानसशास्त्रज्ञ नाही. दोन-चार एकर धानाच्या बांध्या कसणारा माणूस. पण बांधीत एक गोष्ट दिसते. परे सारखेच रोवले तरी बांधीच्या एका कोपऱ्यात पाणी साचते, दुसऱ्यात उतरून जाते. उतारावरचा धान पिवळा पडला तर शेतकरी धानाला शिव्या देत नाही. तो पार तपासतो, पाणी कुठून फुटले ते पाहतो. पोराच्या बाबतीतच आपण हे का विसरतो?

असा सिनेमा घरात पाहिला तर संपल्यावर लगेच टीव्ही बंद करून झोपू नका. छपरीत, अंगणात पाच मिनिटे बसा. पोरांना विचारा, हा कधी बिघडला असे तुला वाटते? त्याच्या जागी तू काय केले असते? त्याच्या आईबापांनी काय करायला हवे होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐका. त्यात बहुधा तुमच्याच घराची तक्रार असते, जी पोर एरवी तोंडाने सांगणार नाही.

दोन पोरांची तुलना करायची जीभ आवरा. सख्खी असोत, चुलत असोत, की माझ्या घरासारखी मामे-आते. ज्याला ज्यात गती, ते काम त्याला द्या. माझ्या मुलाचा हात पुड्यांत चालत नाही. पण बैलांना तो नुसती हाक मारतो आणि ते वळतात. हे मला ठाऊक होते, मी त्याला कधी सांगितले नव्हते. यंदाच्या चिखलणीला बैल त्याच्या हाती दिले. भाच्याने पऱ्ह्यांच्या पेंढ्या मोजल्या. दोघांनाही एकमेकांची गरज पडली, आणि कुणाचे साठ, कुणाचे तीस हे मोजायचा प्रश्नच आला नाही.

पोराचे बिघडलेले काम दाखवा, ते त्याच्याकडूनच नीट करून घ्या, पण त्या कामाचे नाव पोराला देऊ नका. आणि चांगले केले की तेव्हाच सांगा. चार वर्षांनी आठवण्यापेक्षा तेव्हाचे एक वाक्य मोलाचे.

मी चार वर्षांनी सांगितले. रोवणीच्या दिवसांत एकदा धुऱ्यावर भाकर खाताना मुलाला म्हणालो, "तू त्याले नंदी देला होतास, आठवते का? मले तवाच म्हणाले पायजे होतं. लय चांगलं केलं होतंस." तो खाली मान घालून भाकर खात राहिला. मग म्हणाला, "तुमाले आठवते?" एवढेच.

ऑगस्टमध्ये पोळा आला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी भाच्याने आपल्या पेटीतून तोच जुना लाकडी नंदी काढला. एक शिंग मोडलेले, रंग उडालेला. त्याने तो धाकटीच्या हाती दिला आणि सांगितले, "जपून ने. हा दादाचा आहे." माझा मुलगा आतून रंगाची डबी घेऊन आला, आणि दोघे शिंगे रंगवायला बसले.